एकशे वीस ओहम

सासऱ्यांच्या ऑटो-इलेक्ट्रिकच्या दुकानात दोन जावई कामाला होते आणि दोघांमध्ये विस्तव जात नव्हता. धाकट्याचं सोल्डरिंग म्हणजे सर्दी झालेल्या माणसाचं शिंकणं, असं थोरला एकदा भरल्या दुकानात बोलून गेला, तेव्हापासून अबोला. काम मात्र एकत्रच करायचं. त्यामुळे जे काही सांगायचं ते समोर उभ्या असलेल्या गाडीला सांगायचं, अशी वहिवाट पडली होती. एक जण गाडीशी बोले, दुसरा ऐकून न ऐकल्यासारखं करी, आणि गिऱ्हाइकाला वाटे, काय मायेची माणसं आहेत!

अशात एका बसमालकानं आपल्या सगळ्या मिनीबसमध्ये आतून एलईडी दिवे लावायचं काम काढलं. सासऱ्यांनी नमुन्याच्या बसची डावी बाजू थोरल्याला दिली, उजवी धाकट्याला.

"मालक ज्याची बाजू पसंत करील, दुकान त्याचं," ते म्हणाले. "दुसऱ्यानं त्याच्या हाताखाली राहावं, नाहीतर आपली वाट धरावी. म्हातारपणी मला हा तमाशा नको."

थोरल्यानं हिशेब केला. बॅटरी बारा व्होल्टची. एका ओळीतले तीन दिवे साडेनऊ खाणार. उरलेल्या अडीच व्होल्टना आवरायला, करंटला लगाम घालायला एकशे वीस ओहमचा रेझिस्टर पुरे. बॅटरीला जोडून पाहिलं, झकास! तो सोल्डरचे डाग देत सुटला.

"बाई गं," उजवीकडून धाकटा बसला म्हणाला, "इंजिन चालू झालं की तुझ्या अंगात चौदाच्या वर व्होल्ट येतात. बारा धरून रेझिस्टर लावला, तर दिव्यांत दुप्पट करंट घुसेल. जळतील बिचारे. मी आपला दोनशे चाळीसचा लावतोय."

थोरल्याचा हात थांबला. म्हणणं बरोबर होतं. इंजिनवर बॅटरी चार्ज करणारे अल्टरनेटर ढिगानं उघडलेल्या माणसाला हे सुचायला हवं होतं. पण आता रेझिस्टर बदलायचा, म्हणजे आपण ऐकलं हे कबूल करायचं.

"बसबाई," तो म्हणाला, "उंदरांना उजेडाची भीती वाटते. त्यांचं मनावर घेऊ नकोस."

"उंदरांना निदान पिंजरा कळतो, बाई."

थोरल्यानं दात आवळून पुढचा एकशे वीस लावला. मग त्याच्या पुढचा.

मालक आला. इंजिन चालू झालं. डावी बाजू अशी काही पेटली, की सासऱ्यांनी कपाळावर हात आडवा धरला. उजवी बाजू नीट होती. पण नीट गोष्टीकडे माणूस बिघडल्याशिवाय बघत नाही.

"हे पाहिजे!" मालक डावीकडे बोट दाखवत म्हणाला. "तिकडं काय, मयताला आल्यासारखं वाटतंय. सगळ्या बसना अस्साच उजेड. गॅरंटी किती?"

"सांगा, थोरले," सासरे म्हणाले.

थोरल्यानं दिव्यांच्या पट्टीला बोट लावलं आणि झटकन मागं घेतलं. चटका बसला होता. चालत्या इंजिनचं व्होल्टेज धरायचं राहिलं, रेझिस्टर बदलून देतो, एवढं म्हटलं की झालं असतं. मग डावी बाजू उजवीइतकीच उजळली असती आणि दुकान हातचं गेलं असतं. पलीकडच्या सीटला रेलून धाकटा त्याच्याकडे बघत होता.

"पाच वर्षं," थोरला म्हणाला.

धाकटा मोठ्यानं हसला. सासऱ्यांनी त्याच्याकडे रागानं पाहिलं आणि दुकानाची किल्ली थोरल्याच्या हातात ठेवली.

मालक दुसरी बस पाठवायला गेला. धाकट्यानं आपली हत्यारं पिशवीत भरली. निघताना त्यानं काउंटरवर एक पाकीट ठेवलं आणि इतक्या दिवसांनी थेट साडूच्या तोंडाकडे बघून बोलला.

"दोनशे चाळीसचे आहेत, भाऊजी. पुरतील सगळ्या बसना."

"बाहेरच्या माणसांनी दुकानात कचरा करू नये," थोरला म्हणाला. पाकीट त्यानं दोन बोटांत धरून केराच्या डब्यात सोडलं.

दारात बस येऊन थांबली. थोरल्यानं एकशे वीसचा डबा पुढं ओढला आणि वायर सोलायला घेतली.