रस्त्यापलीकडचा पंप

विहिरीचं पाणी तपासायला आलेल्या सरकारी खात्यातल्या रोझॅनने बोअरमधून मातीचा नमुना वर काढला, नाकाशी नेला आणि बरणीत भरला. सकाळपासूनची ही पाचवी बरणी. पायरीवर उभ्या असलेल्या व्हर्नाला राहवलं नाही.

"माझ्या परसात काय उकरत बसलीस, पोरी? पेट्रोल पंप रस्त्यापलीकडे आहे."

"तिथलं बघून झालं." रोझॅनने हातमोजे उतरवले. "ल्युसिअनच्या पंपाच्या टाक्या धडधाकट आहेत, खालची मातीही स्वच्छ आहे. आणि तुमच्या विहिरीत पेट्रोल नाहीच. घर तापवायचं तेल आहे."

"आमच्याकडे बारा वर्षं लाकडाची शेगडी आहे. जमिनीतली जुनी तेलाची टाकी माझ्या नवऱ्याने, ऑर्विलने, उपसून वाळूने भरली. त्यानेच सांगितलंय मला."

रोझॅनने झुडपाजवळची माती फावड्याने बाजूला केली. खाली टाकीची गंजलेली नळी होती. तिने आत काठी सोडली. ती वर आली तेव्हा टोकाशी वीतभर काळी, ओली होती.

"वाळूने भरलेली नाही. उपसलेलीही नाही," ती हळूच म्हणाली. "झिरपत झिरपत विहिरीपर्यंत यायला इतकी वर्षं लागली."

व्हर्ना पायरीवरच बसली.

ऑर्विल तीन वर्षांपूर्वी गेला आणि त्याच हिवाळ्यात पाण्याला वास येऊ लागला. पेट्रोल तिथूनच झिरपतंय म्हणत ल्युसिअनच्या पंपाविरुद्ध तिने दारोदार फिरून सह्या गोळा केल्या होत्या. अमेरिकेतल्या मेन राज्यातलं ते एवढंसं गाव, गिऱ्हाइकं तुटायला वेळ लागला नाही. यंदाच्या वसंतात त्याने पंप बंद केला. त्याआधी, जानेवारीत, त्याची बायको एस्टेल वारली. जिच्याबरोबर व्हर्नाने तीस वर्षं ब्लूबेरीचा मुरंबा घातला, तिच्या अंत्यविधीला व्हर्ना गेली नाही. खिडकीचा पडदा ओढून ती घरात बसून राहिली होती.

ती रस्ता ओलांडून गेली. ल्युसिअन पंपाच्या फलकावरचे भावाचे आकडे उतरवत होता. इतक्या दिवसांनी तिला दारात बघूनही तो शिडीवरून उतरला नाही.

"ल्युसिअन, तेल आमचंच आहे."

"ठाऊक आहे."

"ठाऊक आहे?"

"तुमची तेलाची टाकी मीच भरायचो ना. शेवटच्या दोन हिवाळ्यांत दुप्पट प्यायला लागली होती. ऑर्विलला म्हटलं, गळतेय, खणून काढ. तो म्हणाला, काढू रे, पण व्हर्नाला बोलू नकोस."

"आणि मी गावभर तुझ्या नावाने बोंबलत होते तेव्हा? तेव्हा तरी तोंड उघडायचंस!"

ल्युसिअन खाली आला. हातातला आकडा त्याने भिंतीला टेकवून ठेवला.

"उघडणारच होतो. एस्टेलने अडवलं. म्हणाली, ऑर्विलला पुरून तीन महिने झाले नाहीत. व्हर्नापाशी नवऱ्याची आठवण तेवढी उरलीय, ती तरी नासवू नकोस."

रस्त्याने एक ट्रक गेला.

"एस्टेलला कुठे पुरलंय?" व्हर्नाने विचारलं.

ल्युसिअनने शिडी मिटून भिंतीला लावली.

"टेकडीवर. वारा आहे तिथे," तो म्हणाला. "कोट घेऊन ये."