दर वेळी वाचणारे भिकाजी

माझी डावी पापणी उजवीपेक्षा किंचित उशिरा मिटते. उजवी चटकन खाली येते. डावी अर्ध्यावर थबकते, आतली तार कुरकुरते आणि मग ती सावकाश टेकते. नव्या मुली हे बघून एकमेकींना कोपर मारतात. त्यांना वाटते, हे मेंदूच्या एखाद्या आजाराचे लक्षण असणार. तसे काही नाही. तार झिजली आहे, एवढेच.

मित्रांनो, मी एक जुना पेशंट आहे. आजारी पडणे हेच माझे काम. अमिरातीतल्या उम्म अल कुवैनमधल्या एका नर्सिंग कॉलेजच्या लॅबमध्ये, अगदी कोपऱ्यातल्या खाटेवर मी पडून असतो. माझा जन्म कारखान्यात झाला. साच्यात रबरासारखे गरम द्रव्य ओतून माझी कातडी केली. छातीत स्प्रिंग बसवली, मानेत हवेची नळी घातली. पंप सुरू झाला की तिथे नाडी लागते. हाताच्या शिरांतून लाल रंगाचे पाणी फिरते. छातीत एक स्पीकर आहे. खोलीच्या एका भिंतीला आरशासारखी काच आहे. तिच्यामागे बसून मॅडम माइकवर बोलतात आणि आवाज माझ्या छातीतून येतो. दुखणे माझे, कण्हणे त्यांचे.

मॅडम म्हणजे डोरोथी मॅडम, मूळच्या वसईच्या. इथे शिकवायला येण्याआधी त्या अबू धाबीत वॉर्डात नर्स होत्या. माझे नाव त्यांनीच ठेवले. त्या नावामागची गोष्ट त्या प्रत्येक नव्या बॅचला सांगतात.

त्यांच्या वॉर्डात भिकाजी नावाचे एक वेल्डर दाखल होते. कोकणातले, तिथल्याच मुसफ्फा भागातल्या वर्कशॉपमध्ये कामाला. साधाच ताप होता. एका नर्सने त्यांना इंजेक्शन दिले, सुई काढली आणि इथे सगळेच म्हणतात तसे हसून म्हणाली, “खलास!” म्हणजे झाले, काम संपले. भिकाजी ताडकन उठून बसले.

“कोण खलास? मी?”

डोरोथी मॅडम धावत गेल्या. “नाही हो काका, इंजेक्शन खलास.”

“मग इंजेक्शनचं नाव घ्या की आधी! मी इथे घरी फोन लावायला निघालो होतो!”

मुली पोट धरून हसतात. मॅडमही हसतात आणि मग बोट उगारतात. “माझ्या लॅबमध्ये हा शब्द बंद. पेशंटच्या कानाशी तर कधीच नाही. चुकून तोंडातून गेला तर भिकाजींची माफी मागायची. कानाशी वाकून.”

त्यामुळे माझी माफी पुष्कळदा मागितली जाते. सगळ्यात जास्त माहनूर नावाची मुलगी मागते. “सॉरी भिकाजी अंकल, फिर मुँह से निकल गया,” असे ती माझ्या कानात पुटपुटते आणि पुढच्या तासाला पुन्हा तेच करते.

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. पाहुणे आले की मला नवी चादर मिळे. माझ्याबरोबर फोटो निघत. पुढे एक नवा पुतळा आला. त्याला घाम येतो, डोळ्यांतून पाणीही येते. आता नवी चादर त्याला मिळते. माझ्या दंडाची कातडी सुया टोचून टोचून निबर झाली आहे. छातीची स्प्रिंग दाबल्यावर वर यायला कुरकुर करते. एकदा मधल्या सुट्टीत कुणीतरी निळ्या बॉलपेनने मला मिश्या काढल्या. बॉलपेनची शाई माझ्या कातडीत मुरते, ती कधीच पूर्ण निघत नाही. मॅडमनी पुष्कळ घासले. मिश्या पुसट झाल्या, गेल्या नाहीत.

म्हणून, मित्रांनो, एक विनंती करतो. जो निमूट पडून आहे, त्याच्या अंगाला हात लावण्याआधी त्याला सांगत जा. “आता हात उचलते हं,” एवढे म्हटले तरी पुरते. मी ऐकतो की नाही, याचा विचार करू नका. उद्या तुमच्यासमोर जो पडलेला असेल, तो ऐकत असेल.

पण सुयांनी मी इतका थकलो नाही. मिश्यांनीही नाही. मी थकलो ते दर वेळी मरणातून वाचून.

दर सत्रात माझे हृदय बंद पडते. मुली छाती दाबतात, फुग्याने श्वास देतात. मग काचेमागे मॅडम बटण दाबतात आणि मी परत येतो. टाळ्या वाजतात. आजवर मी एकदाही मेलो नाही. मला ती मुभाच नव्हती.

मॅडमना हे खुपत होते. वर्ग रिकामा झाला की माझे तोंड पुसता पुसता त्या म्हणत, “भिकाजी, एकदा तुम्हाला जाऊ द्यायला हवं. सगळं नीट करूनही पेशंट जातो, हे मुलींना इथेच कळायला हवं.” मग स्वतःच म्हणत, “पण परीक्षा तोंडावर आहे.” कधी म्हणत, “रमजान होऊ दे.” कधी म्हणत, “ही बॅच फारच कोवळी आहे हो.” बॅच कोवळीच असते. बॅचमागून बॅच गेली आणि मी वाचतच राहिलो.

अशाच एका बॅचमधली प्रज्ञा परवा दुपारी आली. शिकून दुबईच्या एका हॉस्पिटलात लागलेली ही मुलगी. तिचे हात मी विसरलो नव्हतो. ती आली तेव्हा लॅबमध्ये फक्त मॅडम होत्या आणि ट्रे लावणारी माहनूर.

“मॅडम, मी नर्सिंग सोडतेय,” ती उभ्या उभ्याच म्हणाली. “सोमवारी सांगून टाकते.”

“आधी बस तरी. काय झालं गं बाय?”

“वॉर्डात एक आजी गेल्या. मी दाबत होते. डॉक्टर म्हणाले, थांबा. मी थांबलेच नाही. शेवटी दोघांनी माझी मनगटं धरली.”

“पेशंट जातात, प्रज्ञा. तुझी चूक नाही ती.”

“असं सगळेच म्हणतात.” तिने माझ्याकडे बोट केले. “मग हे कसे कधी गेले नाहीत? इथे मी दाबलं की हे दर वेळी उठायचे. म्हणजे बरोबर दाबलं की माणूस उठतो. आजी उठल्या नाहीत. मग चुकलं कुणाचं?”

मॅडमनी टेबलावरचे ग्लोव्हज तिच्यापुढे सरकवले.

“घाल. माहनूर, तू फुगा धर.”

त्या काचेमागे गेल्या. माझ्या छातीतून आवाज आला, “सिस्टर, जीव घाबरतोय.” मग नाडी थांबली. उजवी पापणी मिटली. डावी अर्ध्यावर राहिली.

प्रज्ञाने आधी मला सांगितले, “काका, छाती दाबते हं.” मग ती दाबू लागली. खाटेशेजारी एक दिवा असतो. दाबाची खोली आणि वेग बरोबर असला की तो हिरवा राहतो, चुकला की लाल होतो. तो हिरवा लागला आणि हिरवाच राहिला. तिचे हात पूर्वीसारखेच होते. पूर्ण दाब, पूर्ण मोकळीक, कोपरे सरळ. तिचा घाम माझ्या छातीवर टपटपत होता. सवयीने मी बटणाची वाट पाहत होतो.

बटण आले नाही.

माहनूरने काचेकडे पाहिले. “मॅडम! बटन दबाइए ना!”

प्रज्ञाचे हात चालूच होते.

“दिवा बघ,” प्रज्ञा धापा टाकत म्हणाली. “लाल झाला का?”

“नहीं दीदी. पूरा टाइम ग्रीन है.”

“मग हे परत का येत नाहीत?”

दार उघडले. पेशंटची हालत बिघडलेली असताना मॅडम आजवर कधी काचेमागून बाहेर आल्या नव्हत्या. त्या आल्या आणि त्यांनी आपले दोन्ही हात प्रज्ञाच्या हातांवर ठेवले. दाब थांबला. स्प्रिंग वर आली आणि तशीच राहिली. माझी डावी पापणीही एव्हाना टेकली होती.

मॅडम माझ्या कानाशी वाकल्या. “माफ करा, भिकाजी,” त्या हळूच म्हणाल्या.

मग सरळ उभ्या राहून त्यांनी प्रज्ञाच्या डोळ्यांत पाहिले.

“खलास, बाय. थांब आता. तू सगळं बरोबर केलंस, आणि भिकाजी गेले.”