चौथा प्रश्न

मुलांनो, जरा डोळे मिटा. असं समजा की तुम्ही चटईवर उताणे पडला आहात. तुम्हाला काहीही झालेलं नाही, पण आत्ता तुम्ही पेशंट आहात. शेजारी कोणीतरी गुडघे टेकून बसलंय. तुमच्या मनगटावर दोन बोटं ठेवलीत, आणि एक शांत आवाज विचारतोय, "नाव काय तुमचं? आत्ता कुठे आहात? आज वार कोणता? काय झालं?"

द्या बघू उत्तरं. पहिली तीन लगेच येतात. चौथ्याला मात्र घाई करू नका.

अंबरनाथच्या बुवापाड्यात राहणारी मनाली रोज संध्याकाळी अशीच पेशंट व्हायची. ती पाचवीत होती. तिची स्वप्नाली आत्या अ‍ॅम्ब्युलन्सवरचं काम शिकत होती. वर्षभराचा कोर्स, आणि शेवटी गाडीवर चाळीस ड्यूट्या. घरी सरावाला दुसरं कोण मिळणार? मनालीची आई दिवसभर उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात, बाबा कंपनीत. द्रौपदीआजीला झोपवलं तर ती खरोखरच घोरायला लागायची.

"पेशंटला बोलताच येत नसेल तर?" मनालीने एकदा पट्टी बांधलेला हात वर करून विचारलं.

"मग त्याच्याजवळ जो होता त्याला विचारायचं," आत्या म्हणाली. "आणि त्याने जे पाहिलं तेवढंच सांगायचं. लाजायचं नाही, घाबरायचं नाही, पदरचं काही घालायचं नाही. नाहीतर डॉक्टर भलत्याच रोगाचं औषध देतो."

आता आत्याचीच एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. दोन वर्षांपूर्वी तिला एक आजार झाला होता. तापाचा नाही, पोटाचा नाही, मनाचा. मन वर चढलं की ती चार-चार दिवस झोपायची नाही, भराभरा बोलायची, सगळं जग एका दिवसात दुरुस्त करायला निघायची. मग मन जे खाली उतरायचं ते इतकं, की केस विंचरायलाही हात उचलायचा नाही. उल्हासनगरला कॅम्प तीनच्या बाजारात, जीन्सच्या दुकानांवरच्या मजल्यावर एका डॉक्टरांचा दवाखाना होता. त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, बायपोलर. रात्रीची एक गोळी दिली आणि म्हणाले, "गोळी चुकवायची नाही आणि झोप चुकवायची नाही. मग हवं ते शीक." आत्याने दोन्ही पाळलं. दीड वर्ष ती तुमच्या-माझ्यासारखी होती. तेव्हाच तिने हा कोर्स धरला.

चाळीत मात्र आजीने सांगून ठेवलं होतं, पोरीला थायरॉईड आहे. "थायरॉईड म्हटलं की कोणी पुढे विचारत नाही," आजी म्हणायची. "उलट आपापला थायरॉईड घेऊन बसतात."

बत्तीस ड्यूट्या दिवसाच्या झाल्या. उरलेल्या आठ लागल्या त्या सगळ्या रात्रीच्या. आत्या कोर्सच्या सरांना भेटून आली आणि चप्पल न काढता उंबऱ्यातच बसली.

"काय म्हणाले गं?" आजीने विचारलं.

"दिवसाची ड्यूटी कशाला हवी म्हणाले. कारण सांग म्हणाले."

"मग?"

"मग काय, आई? थायरॉईड सांगितला. हसले ते. म्हणाले, माझ्या बायकोलापण आहे, ती तर रात्री दोनपर्यंत मोबाईल बघत बसते."

मनालीला हसू आलं. आजीही पदर तोंडाला लावून हसली. आत्या हसली नाही. खरं कारण तिच्या जिभेवर होतं आणि ते सांगायची सोय घरानेच ठेवली नव्हती.

पहिल्या रात्रीच्या ड्यूटीला निघण्याआधी, सात वाजता, आजीने नेहमीप्रमाणे गोळी तिच्या तळहातावर ठेवली आणि पाणी पिईपर्यंत समोर उभी राहिली. मग आजी भांडी घासायला मोरीकडे वळली. मनाली तेव्हा चटईवर पेशंट होऊन पडली होती. खालून तिला स्पष्ट दिसलं. आत्याने गालातून गोळी काढली आणि बामच्या रिकाम्या डबीत टाकली.

आत्याला तिचे डोळे दिसले. ती खाली वाकली.

"मनू, ही घेतली की मला गाढ झोप लागते. गाडीत झोपले तर पेशंटचं काय होईल? आठच रात्री गं. नंतर एकही चुकवणार नाही. कोणाला सांगू नकोस हं."

मनालीने मान हलवली. मोठ्या माणसाचं गुपित आपल्याजवळ आहे, म्हणून त्या रात्री तिला एकदम मोठं झाल्यासारखं वाटलं. डबी ठेवायची जागाही तिनेच शोधली. तिची आई घरी जीन्स आणून त्यांचे सुटे धागे कापायची, त्या धाग्यांच्या टोपलीत, अगदी तळाशी.

पहिले चार-पाच दिवस तर मजाच मजा होती. आत्या सकाळी घरी यायची ती झोपायचीच नाही. पंखा पुसला, पडदे धुतले, मनालीच्या वह्यांना कव्हरं घातली. एका दुपारी तिने चाळीतली आठ पोरं ओट्यावर ओळीने झोपवली आणि सगळ्यांच्या पायांना फळ्या बांधल्या. बुवापाड्याची स्वतःची अ‍ॅम्ब्युलन्स घ्यायची, असं ती शेजारच्या बनूबाईंना तासभर सांगत होती. बनूबाई म्हणाल्या, "द्रौपदे, तुझी पोरगी थायरॉईडने सुकायचं सोडून फुलली की गं!" आजी आत्याच्या डोळ्यांकडे बघत होती.

सहाव्या ड्यूटीनंतर सकाळी दहाला आत्याला घरी सोडायला गाडीचा ड्रायव्हर आला. हरेशकाका उल्हासनगरचे सिंधी, बोलताना अर्धं मराठी, अर्धं हिंदी.

"आई, पहले पानी द्या. मला नाय, हिला."

"काय केलं हिने?"

"काम एक नंबर केलं. शिरगावला म्हातारा होता, श्वास लागलेला. हिने ऑक्सिजन लावला, बरोबर बसवून आणला, वाचला तो. पण नंतर गेटवरच डॉक्टरशी भांडण चालू, थांबायलाच तयार नाय. मग फॉर्म भरायला बसली, तर एकाच ओळीवर अर्धा तास. किती दिवस झोपली नाय ही?"

"थायरॉईड आहे तिला," आजी म्हणाली.

"आई, बावीस साल गाडी चालवतोय," हरेशकाका हळूच म्हणाले. "दुसऱ्याला सांगा थायरॉईड."

त्याच दुपारी आजी आत्याला आणि मनालीला शेअर रिक्षात घालून डॉक्टरांकडे घेऊन गेली. आत्या वाटेत सगळ्या दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचत होती. डॉक्टरांनी आधी तिला विचारलं, ती भलतंच बोलत सुटली, मग त्यांनी आजीला विचारलं.

"गोळ्या चालू होत्या ना?"

"एक दिवस चुकली नाही, साहेब. मी माझ्या हाताने देते. पाणी पिईपर्यंत हलत नाही."

आजी खोटं बोलत नव्हती. तिला जे माहीत होतं ते तिने सांगितलं. आत्याने एकदाच मनालीकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मनालीने तोंड उघडलं, पण आतून काही बाहेरच आलं नाही. गुपित म्हणजे गुपित, नाही का? तुम्ही तिथे असता तर काय केलं असतं, ते आत्ता मला सांगू नका. नुसतं मनात ठेवा.

"म्हणजे गोळी चालू असूनही आजार उलटला," डॉक्टर म्हणाले. त्यांनी जास्त ताकदीचं औषध लिहिलं. मग वेगळ्या कागदावर चार ओळी लिहून शिक्का मारला. "अ‍ॅम्ब्युलन्सचं काम हिला झेपणार नाही. काहीतरी दुसरं बघा."

नव्या औषधाने आत्या झोपली. पण मग उठेचना. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. ताट जसंच्या तसं परत यायचं. मनाली तिच्या पायाशी चटई टाकून उताणी पडायची, पट्टीची गुंडाळी छातीवर ठेवून, पेशंट होऊन वाट बघायची. कोणी मनगट धरायचं नाही. बाबा कामावरून आले की दाराशी उभे राहून बहिणीला हाक मारायचे, "स्वपने." मग बूट काढायचे.

असे अकरा दिवस गेले. बाराव्या दिवशी, शनिवारी, मनालीची सकाळची शाळा सुटली तेव्हा हरेशकाका दारात उभे होते.

"बारापर्यंत डॉक्टरचा कागद द्या, असं सर म्हणाले. नाहीतर गैरहाजिर लावतील. दोन ड्यूटी राहिल्या, आई. फक्त दोन."

आजीने ट्रंकेतून डॉक्टरांचा कागद काढला.

"हा दिला तर नाव कापतील. नाही दिला तरी कापतील. मग कशाला देऊ, हरेशभाऊ? निदान आजार तरी घरातल्या घरात राहील."

हरेशकाका भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले. पावणेबारा झाले होते. आजीने कागदाची घडी घातली, उलगडली, परत घातली. म्हातारीने आजवर घरातलं प्रत्येक दुखणं हाताने दाबून, शेकून बरं केलं होतं. हे कुठे दाबायचं, तेच तिला कळत नव्हतं.

मनालीने दप्तर खाली ठेवलं. ती आत्याच्या शेजारी गुडघे टेकून बसली आणि तिच्या मनगटावर दोन बोटं ठेवली. फार दाबून नाही.

"नाव काय तुमचं?"

आजी ओरडली, "मने, खेळायची वेळ आहे का ही?" पण हरेशकाकांनी हात वर केला.

भिंतीकडून आवाज आला. "स्वप्नाली."

"आत्ता कुठे आहात?"

"घरी."

"आज वार कोणता?"

"मंगळवार."

चूक होतं ते. मनालीने ते मनात नोंदवून ठेवलं, शिकवलं होतं तसं.

"काय झालं?"

मनाली थांबली. बोटांखाली नाडी चालू होती, पण उत्तर नव्हतं. घड्याळाचा काटा सरकला. आत्याने डोळे घट्ट मिटले आणि त्यांच्या कडेने पाणी उशीवर गेलं.

पेशंटला बोलताच येत नव्हतं.

तेव्हा मनाली उठली. धाग्यांच्या टोपलीत कोपरापर्यंत हात घालून तिने तळाची बामची डबी काढली, उघडली आणि आजीच्या हातातल्या कागदावर उपडी केली. सहा गोळ्या पडल्या.

"मी पाहिलं होतं," ती म्हणाली. "पहिल्या रात्रीपासून. डॉक्टरांना मी सांगितलं नाही."

आजी गोळ्यांकडे बघत राहिली. म्हणजे गोळी चालू असताना आजार उलटला नव्हताच. कोणी काही बोलायच्या आत मनाली परत आत्यापाशी जाऊन बसली, तिच्या मनगटावर पुन्हा बोटं ठेवली आणि तिने चौथा प्रश्न पुन्हा विचारला.