विसरायची सोय

“या देशात कायद्यापुढं सगळी तोंडं सारखी,” असं लस्सादनं गाबेसहून स्फाक्सला निघालेल्या वडापमध्ये जाहीर केलं, आणि पुढं पोलीसचौकी दिसताच तो स्वतःचे खिसे चाचपू लागला.

ओळखपत्र रोजच्या कोटात राहिलं होतं. आज अंगावर सोयरिकीचा कोट होता. दुपारच्या नमाजानंतर मुलीकडच्या मशिदीत कुराणातली फातिहा पढून त्याच्या मुलाचं लग्न ठरायचं होतं, आणि नवऱ्या मुलाचा बापच नसेल तर पढणार कोण? मुलीच्या वडिलांनी तारीख एकदा पुढं ढकलली होती. दुसऱ्या वेळी त्यांनी मुलगीच दुसरीकडं ढकलली असती.

“मेलो, मबरूक,” तो शेजाऱ्याच्या कानात पुटपुटला. मबरूक त्याचा बालमित्र, त्याच गल्लीतला, फक्त रंगानं काळा. “आता संध्याकाळपर्यंत ठाण्यात बसवतील मला.”

“गप बस. नुसता बस.”

पोलिसानं खिडकीतून सगळ्यांवर नजर फिरवली आणि ती मबरूकवर टेकवली. कुठल्या देशाचा, कागद आहेत का, हे त्यानं फ्रेंचमध्ये विचारलं, दक्षिणेकडून आलेल्या परदेशी मजुरांना विचारतात तसं.

“अरबीत विचार, बाळा. फ्रेंच मला शाळेतसुद्धा जमली नाही.”

ओळखपत्र मबरूकच्या हातात तयारच होतं. पोलिसानं ते उलटसुलट पाहिलं, मग आजोबांचं नाव विचारलं, मग गल्लीतल्या पाववाल्याचं. मबरूकनं पाववाल्याच्या नावाबरोबर त्याचा पाव कुठल्या वारी करपतो तेही सांगितलं. पोलिसाला हसू आलं. ओळखपत्र परत करून तो लस्सादकडं वळला. “हाजी, खोळंबा झाला, माफ करा.”

लस्सादनं हज केली नव्हती, पण खुलासा करायची ती वेळ नव्हती.

गाडी सुटली. लस्सादनं असा काही सुस्कारा सोडला की पुढच्या बाईंनी वळून पाहिलं. सोयरीक वाचली होती.

“मी मनात दुवा मागत होतो,” तो घाम पुसत म्हणाला.

“दुव्याला कशाला शिणवलंस? काम तुझ्या थोबाडानंच केलं. या रस्त्यावर कधी कुणी ओळखपत्र मागितलंय तुझ्याकडं?”

लस्साद आठवत राहिला. जैतुनाच्या बागांमागून बागा गेल्या.

“नाही रे.”

“मी ते अंघोळीला हमामातसुद्धा घेऊन जातो. विसरायची सोय तुला आहे, लेका. मला नाही.”

लस्सादला लाज वाटली. पण सुटल्याचा आनंद तिच्याहून मोठा होता, आणि त्याची आणखी वेगळी लाज वाटली. त्यानं मबरूकचा हात धरला. “जन्मभर तुझ्या शेजारी बसलो, पण हे कधी दिसलंच नाही मला. आज माझे डोळे उघडले, भावा.”

“बरं झालं,” मबरूक म्हणाला. “आता जरा तिकडं सरक. निघाल्यापासून माझी अर्धी जागा अडवून बसलायस.”