चेंबरवर उभी राहिलेली हातगाडी

मी हातगाडी बोलतेय. हुबळीच्या दुर्गदबैल बाजारात कापडाचे गठ्ठे वाहणाऱ्या कितीतरी गाड्यांमधली एक. फळ्या अळणावर गावच्या लाकडाच्या, चाकं गोकुळ रोडवरच्या वर्कशॉपात जोडलेली. हणमंतअण्णा माझे मालक. बारा वर्षं मला ओढतात. वाटेत कुणाचा धक्का लागला तरी आधी माझ्याकडे बघतात.

गेल्या मार्गशीर्षात एका सकाळी लॉरीच्या चाकाखाली गल्लीतल्या चेंबरचं झाकण फुटलं. खाली पुरुषभर खोल गटार. लोक कडेकडेनं जात होते, कुणी मोबाइलवर फोटो काढत होतं. तेवढ्यात निवृत्त मास्तर बाळाचार्य तिथं घसरले. अण्णांनी दंड धरला म्हणून बचावले.

अण्णांनी माझ्यावरचे गठ्ठे उतरवले, मला त्या भोकावर आडवी उभी केली आणि चाकांना दगड लावले. मास्तरांनी महापालिकेच्या कचेरीत कळवलं. नवं झाकण यायला तीन दिवस लागणार होते.

वाट अडते म्हणून दुकानदार कुरकुरले. अण्णा गठ्ठे डोक्यावरून वाहू लागले. दुसऱ्या दिवशी मान आखडली. त्यांची बायको कौसल्या डबा घेऊन आली, ती त्यांच्याकडे बघतच राहिली.

"एवढी माणसं जातात इथनं, तुम्हीच का मरायचं?"

अण्णांनी भाकरीचा घास गिळला. "बघितलोय की मी ते भोक. आता न बघितल्यासारखं कसं करू?"

जाताना डब्याचं लाल फडकं सोडून तिनं माझ्या दांड्याला बांधलं, लांबून दिसावं म्हणून.

तिसऱ्या दिवशी शाळा सुटताना एक रिक्षा भरधाव आली. ब्रेक लागलाच नाही. ती माझ्यावर आदळली. दांडा मोडला, चाक वाकलं, पण मी जागची हलले नाही. रिक्षात शाळेच्या तीन मुली होत्या. चालक रवी खाली उतरला, त्यानं माझ्याखालचं भोक बघितलं आणि मोडलेला दांडा हातात उचलला.

"अण्णा, तुमची गाडी मोडली," तो कसाबसा म्हणाला.

"मोडू दे. पोरींना उतरव आधी."

चौथ्या दिवशी सकाळी झाकण बसलं. रवीनं मला रिक्षामागं बांधून वर्कशॉपात नेलं आणि स्वतः उभा राहून दुरुस्त करून घेतलं. तरी आता मी चालताना डावीकडे ओढते. अण्णा उजव्या खांद्यानं जरा जास्त जोर लावतात, तक्रार करत नाहीत.

माणसांनो, तुमच्या वाटेत असं उघडं भोक दिसेल तेव्हा हाताशी गाडी असेलच असं नाही. कुणी येईपर्यंत तुम्हीच उभे राहा.