उद्या या

मुलीने बंगळूरहून कॉफीची बाटली पाठवली. मी चहावाला माणूस, पण वाया कशाला घालवायची म्हणून त्या मंगळवारी पेलाभर कडक कॉफी प्यालो आणि तसाच गावच्या आरोग्य उपकेंद्रात बीपी तपासायला गेलो. नर्स नूतनबाईंनी दंडाला पट्टा गुंडाळला, आकडा पाहिला.

"एकशे अठ्ठावन्न! हेमराजभाऊ, उद्या या बरं पुन्हा."

मला असं कोणी शेवटचं कधी म्हटलं होतं, आठवेना. सिंदेवाहीच्या वाचनालयातली नोकरी संपून अकरा वर्षं झाली, बायको जाऊन चार.

कॉफीने काही तास बीपी चढतो, हे मी कुठेतरी वाचलं होतं. वाचलेलं अशा कामी आणीन असं वाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी निघण्याआधी दोन चमचे जास्त टाकून प्यालो.

मग रोजचंच झालं; आठवड्याने बीपीची गोळीही सुरू झाली. मोजण्याआधी दहा मिनिटं बाकावर शांत बसायचं असा तिथला नियम. तेवढ्यात नूतनबाई गोळ्या मोजता मोजता बोलायच्या, आपल्या मुलाच्या गणिताचं मला विचारायच्या. एकदा शेजारच्या गुणाबाई म्हणाल्या, "भाऊ रोजच येऊन राह्यले. इथीच खाट टाकून द्या न त्याइले!" सगळे हसले. मीही हसलो. घरी आल्यावर ते वाक्य मनात दोनतीनदा म्हणून पाहिलं.

रात्री मात्र डोळ्याला डोळा लागेना. छाती धडधडे, बोटं थरथरत. सकाळी अंगात त्राण नसे, मग त्राण यावं म्हणून पुन्हा कॉफी. नूतनबाईंना आकडा तेवढा दिसत होता.

पंधराव्या दिवशी त्या गंभीरपणे म्हणाल्या, "गोळी घेऊनही उतरत नाई. उद्या चंद्रपूरले मोठ्या डॉक्टरकडे जा लागते. कुलदीप नेते तुमाले. धान कापणं सुरू हाय, पण तो एक दिवस सोडते म्हणे."

कुलदीप म्हणजे त्यांचा भाऊ. कापणीच्या दिवसांत एक दिवस सोडणं काय असतं, ते मला ठाऊक होतं. माझी मान खाली गेली.

"बाई, मी कॉफी पिऊन येतो."

"रोज?"

"रोज. मुद्दाम."

त्यांनी पट्टा तसाच हातात धरला. "मी रोज इचारलं न, काही खाता-पिता का म्हणून? मले रात्री तुमचा घोर लागून राह्यला होता! काऊन केलं असं?"

मी बाकाकडे पाहिलं. बाकावरचे सगळे ऐकत होते. नूतनबाई आवाज खाली आणून म्हणाल्या, "तीन दिवस कॉफी बंद. मंग या."

पहिल्या दिवशी डोकं फुटेल असं दुखलं. तिसऱ्या रात्री गाढ झोपलो. सकाळी इतकं हलकं वाटलं की अंगण झाडून काढलं.

चौथ्या दिवशी एकशे सव्वीस आला.

"आता कसं!" नूतनबाई खरंच खूश झाल्या. माझ्या कार्डावर तारीख लिहिली. "आता महिन्यानं या."

"महिन्याने?"

"हो न. तब्येत चांगली हाय आता तुमची."

मी कार्ड घडी करून खिशात ठेवलं. गुणाबाई मागे उभ्याच होत्या. मी उठलो, त्या स्टुलावर बसल्या आणि पट्ट्यासाठी हात पुढे केला.