हातात न दिलेलं मीठ

मित्रांनो, मी एक जुनी मीठदाणी आहे. सध्या मोशीतल्या एका फ्लॅटमध्ये, पाचव्या मजल्यावर राहते. माझ्या डोक्याला पाच भोकं आहेत. आत मीठ नाही.

माझा जन्म जर्मनीतल्या चिनी मातीच्या एका कारखान्यात झाला. वेबर बाईंच्या लग्नात मी त्यांच्या घरी आले आणि साठ वर्षं त्यांच्या टेबलावर राहिले. बाई वृद्धाश्रमात गेल्या तेव्हा त्यांनी फार थोड्या वस्तू सोबत घेतल्या. त्यांत मी होते.

तिथे प्राजक्ता नर्स म्हणून आली. घर मोशीला, माणसं मूळची लातूरकडची. वडील सयाजीराव चाकणला एका कंपनीत कामाला. तिची सहा महिन्यांची उमेदवारी होती. तेवढ्या काळात तिथल्या म्हाताऱ्यांनी तिला आपलं म्हटलं तर नोकरी पक्की, नाहीतर परतीचं विमान.

एका दुपारी जेवताना वेबर बाईंनी मिठासाठी हात पुढे केला. हात कापरा होता, त्यावर काळे डाग होते. प्राजक्ताने मला उचललं आणि त्या हाताशेजारी टेबलावर ठेवलं. मीठ कुणाच्या हातात दिलं की भांडण होतं, हे ती लहानपणापासून ऐकत आलेली. तिने विचारही केला नाही. बाईंचा हात अधांतरी राहिला.

"माझ्या हाताची किळस येते तुला?" बाईंनी विचारलं.

टेबलाभोवतीचे सगळे बघत होते. प्राजक्ताला भाषा पुरेशी येत नव्हती. ती पुढच्या टेबलावर सूप वाढू लागली.

दुसऱ्या दिवसापासून बाईंनी तिच्याकडून अंघोळ घालून घेणं बंद केलं. मग आणखी दोघांनी. मुख्य परिचारिका म्हणाल्या, "महिनाअखेरीला मला तुझ्याबद्दल लिहून द्यायचं आहे. काय लिहू?"

टेबलं पुसून झाल्यावर प्राजक्ताने मोबाइल माझ्या अंगाला टेकवून उभा केला आणि घरी फोन लावला.

"बरोबर केलंस बाई," आई म्हणाली. "मीठ का कुणी हातात देतं व्हय?"

"अगं, पण भांडण तर झालंच की!" मागून सयाजीराव म्हणाले. "आता हातात दिलं काय अन् डोक्यावर ओतलं काय!"

"तुम्ही गप बसा हो. लेकराची नोकरी जायलीय अन् तुम्हाला चेष्टा सुचतीय."

"चेष्टा न्हाई. पोरी, त्या म्हातारीला काय ठाऊक आपली रीत? सांगितलंस का तिला?"

"नाही पप्पा."

"मग!"

प्राजक्ता हसली नाही, रडलीही नाही. तिने कागदावर त्या रीतीबद्दल जर्मनमध्ये चार वाक्यं लिहून पाठ केली. दुसऱ्या दुपारी तिने मला बाईंच्या तळव्यावर ठेवलं, त्यांची बोटं दोन्ही हातांनी मिटवली आणि ती वाक्यं म्हटली.

"म्हणजे आता आपलं भांडण होणार?" बाईंनी विचारलं.

"हो."

"होऊ दे. तीन वर्षं इथे कुणी माझ्याशी भांडलेलं नाही. काहीही बोला, 'हो हो, वेबर बाई' म्हणतात. मी काय कुकुलं बाळ आहे?"

मग दोघी रोज भांडू लागल्या. खिडकीवरून, सूपवरून, प्राजक्ताच्या पातळ स्वेटरवरून.

"एवढ्या थंडीत हे घालतेस? वेडी आहेस!"

"तुम्ही आधी गोळी गिळा!"

शेजारची टेबलं हसायची. हळूहळू तिथली मंडळीही भांडणात बाजू घेऊ लागली. महिनाअखेरीला काय लिहिलं गेलं ते मी वाचलं नाही, पण ते विमान काही निघालं नाही.

पुढच्या हिवाळ्यात बाई गेल्या. प्राजक्ताने त्यांचे हात धुतले, पुसले, नखं कापली. बाईंच्या मुलाने मला तिच्याकडे दिलं. तिने आभार मानले, मला खिशात टाकलं आणि पुढच्या खोलीत गेली, कारण तिथल्या आजोबांच्या इंजेक्शनची वेळ झाली होती. तिला काय वाटलं ते मला कळलं नाही. मला काही वाटलं नाही. चिनी माती गारच असते.

सुट्टीत तिने मला इथे आणलं. "फुटायची गं बाई," म्हणत तिच्या आईने मला शोकेसमध्ये ठेवलं. दर रविवारी काच पुसली जाते. मला कुणी मागत नाही, कुणी "इकडे दे" म्हणत नाही. तक्रार नाही.

पण मित्रांनो, तुमच्या घरात म्हातारं माणूस असेल. त्याला वेळेवर जेवण मिळत असेल, अंथरूण स्वच्छ असेल. एवढ्यावर थांबू नका. त्याच्यापाशी बसा. त्याचं म्हणणं खोडा, त्याला तुमचं खोडू द्या. आवाज थोडा चढला तरी चालेल.